धुतलेले दगड

शर्टाच्या खिशात कायम एक पाना, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पानेकाका म्हणे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात घालवलं. त्या कामात बुळबुळीत म्हणजे शत्रू. दिसला की खरवडायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

म्हातारपणी काकूंच्या हट्टापायी त्यांनी गच्चीवर मासे आणि भाजीपाला यांचा एकत्र संसार मांडून दिला. खाली टाकीत मासे, वर खडीने भरलेल्या ट्रेमध्ये पालक, पुदिना, टोमॅटो. माती नावालाही नाही. पंप टाकीतलं पाणी वर चढवायचा आणि ते खडीतून झिरपत पुन्हा टाकीत उतरायचं. माशांच्या घाणीवर झाडं पोसली जात आणि पाणी निवळून माशांना परत मिळे. पाइप काकांचे, कारभार काकूंचा.

"अहो, त्या दगडांना हात लावाल तर याद राखा," काकू बजावायच्या. "ते बुळबुळीत म्हणजे घाण नव्हे. डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. पाण्यातलं विष तेच मोडतात. ते गेले की मासे गेले."

"घाणीचीसुद्धा बाजू घेणारी बायको मिळाली. धन्य झालो!" काका म्हणायचे, आणि बाकीचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. मासे मात्र त्यांनाही आवडत. सगळ्यांना ढकलून आधी स्वतः खाणाऱ्या थोराड मासोळीला त्यांनीच 'सासूबाई' नाव ठेवलं होतं.

मग काकू आजारी पडल्या आणि इस्पितळात गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी येईपर्यंत माझे मासे सांभाळा." काकांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

थोड्या दिवसांनी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, घरी नेता येईल. काकांना आभाळ ठेंगणं झालं. आजारातून उठलेली बायको घरी येणार आणि गच्चीवर तो शेवाळलेला पसारा? सकाळीच त्यांनी मासे पिंपात काढले, खडी उपसली, ब्लीचिंग पावडर टाकून एकेक दगड घासला, टाकी खरवडली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. एवढ्या प्रेमाने त्यांनी आयुष्यात एकही मोरी साफ केली नव्हती.

"काचेसारखं पाणी झालंय बघ! दगड तर नव्यासारखे," संध्याकाळी त्यांनी काकूंच्या खाटेपाशी बसून फुशारकी मारली.

काकू त्यांच्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "छान केलंत," त्या म्हणाल्या. मग हळूच, "थोडे दिवस त्यांना खायला अगदी नावापुरतं घाला हं."

काकांना वाटलं, दुखण्याने बिचारीला सुचेनासं झालंय. मासे आधीच तिच्याविना हिरमुसलेत, त्यात उपाशी ठेवायचं? त्यांनी मूठ सैल सोडली. मासे वर येऊन तोंडं उघडीत, तसे काका म्हणत, भूक लागली, आणि आणखी घालत. ती भूक नव्हती, विषारी झालेल्या पाण्यातली घुसमट होती. आठवडा संपायच्या आत सासूबाईसकट सगळे उलटे तरंगले.

इकडे काकूंचं दुखणंही उलटलं. घरी नेण्याचं नाव कोणी काढेना. अशा बाईला काय म्हणून सांगायचं?

"जेवले का मासे?" त्या विचारायच्या.

"जेवले म्हणजे काय, तुटून पडले! सासूबाईने आज धाकट्याला शेपटीने हाणलं." काका रोज नवी गोष्ट रचून नेत. सासूबाई रुसली, सासूबाईने पालकाचं मूळ ओढलं. काकू हसायच्या, हसताना दम लागायचा, तरी विचारायच्या, "मग पुढे?" काका घरी येऊन गच्चीवर, उपसून कोरड्या केलेल्या टाकीकडे पाठ करून बसत. माझ्यासारखा खोटारडा जगात नसेल, असं त्यांना वाटे.

काकू त्या गोष्टी ऐकत ऐकतच गेल्या.

दिवस उलटले. इस्पितळात आईच्या सोबतीला राहिलेली लेक आवराआवर करायला गच्चीवर आली, तेव्हा काकांना राहवलं नाही. "तुझ्या आईला मी फसवलं गं. मासे कधीच मेले होते."

लेक खाली बसली. "आईला माहीत होतं, बाबा."

"कसं माहीत असेल? मी बोललोच नाही."

"तुम्ही दगड धुतल्याचं सांगितलंत, त्याच दिवशी कळलं तिला. मला म्हणाली, बोटं सोलवटून आलेत गं, कसं बोलू त्यांना? नंतर मी म्हटलं, मग रोज कशाला विचारतेस? तर म्हणाली, माशांचं सांगतात तेवढा वेळ ते रडत नाहीत. तेवढं राहू दे."

काकांनी खिशातला पाना काढला, उगीच हातात फिरवला आणि ठेवून दिला. लेक खाली गेल्यावर ते टाकीच्या काठाशी बसले. ट्रेमधले दगड अजूनही नव्यासारखे पांढरे होते.

"मेले गं सगळे," ते मोठ्याने म्हणाले. "मीच मारले. तू सांगितलं होतंस, आणि मी ऐकलं नाही."

'असू दे' म्हणणारी तेवढी एकच होती, आणि ती आता नव्हती.