ह्यांचं बीपी, माझा जीव खालीवर

खडोलीच्या आमच्या चाळीत कुणाच्याही दारात पाच मिनिटं टेका, हसायला काहीतरी मिळतंच. आमच्या घरात तर ह्यांचं बीपी निघाल्यापासून रोज नवीन! मीही हसते. पण पदरात दोन वर्षांची पोर आहे. शिफ्ट सुटून हे दहा मिनिटं उशिरा आले, तरी मी दारात उभी.

*

बीपी निघालं ते फॅक्टरीतल्या तपासणीच्या कॅम्पमध्ये. हे बॉयलरवर कामाला, वय चौतीस. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा चढला तो खाली येईना.

"काही त्रास?"

"काहीच नाही, साहेब!"

"तेच तर वाईट. हा आजार गुपचूप वाढतो. रोज गोळी घ्यायची."

घरी येऊन हे म्हणाले, "त्यांचं मशीन बिघडलंय."

*

मी लगेच मीठ कमी केलं. लोणचं, पापड बंद. महिन्याने ह्यांचे सोबती पाटीलभाऊ भेटले, धुळ्याकडचे.

"वहिनी, भारी काम केलं! आधी ह्याच्या डब्यावर आम्ही चौघं तुटून पडायचो. आता कोणी हात लावत नाही, सगळा डबा एकटाच खातो!"

ह्यांचं वजन केलं. दोन किलो वाढलेलं!

*

मग मी एकटीच त्या गुजराती डॉक्टरांकडे गेले. सातवीच शिकलेय, पण विचारायला लाज कसली? त्यांनी कागदावर रक्ताची नळी काढली.

"बेन, दाब जास्त, त्यात ते बिडी ओढतात. नळीला आतून इजा होते, तिथे चरबी बसते. वर्षानुवर्षं. एक दिवस तिथेच गुठळी झाली, की रक्त बंद."

"सुरुवात कधी होते?"

"कधी कधी लहानपणीच."

झालं! घरी आले, तर पोर शेजारच्या लताबेनच्या मांडीवर बसून भजी खातेय. मी भजी तिच्या हातातून ओढूनच घेतली. लताबेन आठ दिवस बोलली नाही.

*

डॉक्टरांनी सांगितलेलं, दर आठवड्याला दवाखान्यात बीपी मोजा आणि वहीत लिहा. ह्यांना वहीची सवयच, बॉयलरचा दाब तासातासाला लिहितात. मी वही बघितली. १२०-८०, १२०-८०, सगळं ठीक! जीव भांड्यात पडला.

मग पान उलटलं. पुढचा महिनाही भरलेला होता!

*

ह्यांना तशीच ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"गोळ्या तरी घेता ना?"

"रोज!"

"घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"छे! आमच्यात हार्ट कुणालाच नाही," हे ऐटीत म्हणाले.

"वडील?"

"ते गॅसने गेले. छातीत गॅस अडकला, दवाखान्यात नेईपर्यंत खलास. चव्वेचाळीसचे होते."

"काका?"

"त्यांनाही गॅसच. घाम सुटला, डावा हात धरून खाली बसले."

"भाऊ?"

"थोरला. गेल्या दिवाळीत. त्यालाही ग..."

हे थांबले.

ह्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. सात महिन्यांपूर्वी मीच आणलेली, पहिली; पुढच्या हे स्वतःच आणतो म्हणायचे. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"साहेब," हे म्हणाले, "ही जेवणाआधी घ्यायची, की नंतर?"