वायरताईंचा बॉनेटवरचा हात

दात घासायचा ब्रश गाडीच्या सेन्सरला लावू नये, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. निदान मी ज्या कॉलेजातून डिप्लोमा घेतला, तिथल्या पुस्तकांत तरी नव्हतं. म्हणून मी लावला.

मामांच्या गॅरेजात एका निवृत्त शिक्षिकेची एकोणीस वर्षांची गाडी सर्व्हिसिंगला आली होती. एअर फिल्टर बदलताना मला त्याच्या पुढच्या नळीतला सेन्सर मळकट दिसला. इंजिनात किती हवा जाते ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. आत दोन तारा असतात, केसासारख्या बारीक. मी जुना ब्रश शोधला, त्याला जरा रॉकेल लावलं आणि लहान मुलाचे दात घासावेत तशा मायेने त्या तारा घासल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी पाहिलंही नव्हतं.

आठ दिवसांत बाई परत आल्या. गाडी पळताना ठीक असते, पण सिग्नलला उभी राहिली की तिला हुडहुडी भरते आणि मध्येच बंद पडते, असं त्यांनी सांगितलं.

ही तक्रार यायला वेळही अशी की बघत राहावं. मामा गॅरेजच्या मागे तपासणीची काचेची खोली बांधत होते. आत टेबल, पंखा, गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर. ती खोली कोणाच्या ताब्यात द्यायची, तेवढं ठरायचं होतं. माझ्या मते ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मी सख्खा भाचा, वर डिप्लोमावाला, आणि स्कॅनर घ्या म्हणून मामांचं डोकं वर्षभर मीच खाल्लं होतं. पण बिघाड जरा अवघड निघाला की मामा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ताईंना बोलवा."

ताई म्हणजे वायरताई. गॅरेजात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. वय पंचेचाळिशीच्या आसपास. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या टेबलाखाली बसून ताई तारांच्या रंगांवरून रंग ओळखायला शिकल्या. शाळा सातवीत सुटली. आता वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे ताई दहाला येतात आणि चारला जातात, मग गाडी अर्धी उघडी का असेना. मीटर लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून आणतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गप्पा हाणतो, तेव्हा त्या तुटक्या तारांची टोकं सोलत बसतात. हेवा करावा असं ताईंना आयुष्यात काही मिळालेलं नाही, हे मला कळत होतं. तरी त्या फाटकातून आत आल्या की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

सगळ्यात जास्त खुपायचा तो त्यांचा हात. गाडी सुरू करायला सांगायच्या आणि बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटून उभ्या राहायच्या, चांगली पाच मिनिटं. मी एकदा विचारलं होतं की ताप किती आहे. सगळे हसले. ताईही हसल्या, आणि डोळे न उघडता म्हणाल्या की तीन नंबरचा स्पार्क प्लग बघा. तीन नंबरचाच निघाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून बाईंची गाडी आली तेव्हा मी मामांना आधीच सांगून टाकलं की ताईंना त्रास नको, ही माझ्याकडे राहू दे. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि बोट दाखवलं सायलेन्सरच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरकडे. मी तो नवा बसवला. थरथर तशीच. प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, एकेक रबरी नळी दाबून पाहिली. तीन दिवस गेले. बाई रोज रिक्षाने येऊन बाकावर बसायच्या आणि वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं तशा माझ्याकडे बघायच्या. चौथ्या दिवशी मामा म्हणाले, "ताईंना बोलवा." खोली तिथेच गेली, असं मला वाटलं.

ताईंनी स्कॅनरकडे ढुंकून पाहिलं नाही. आधी बाईंना विचारलं, हे कधीपासून? बाई म्हणाल्या, सर्व्हिसिंग झाल्यापासून. मी पाना पुसायला लागलो. मग तो हात बॉनेटवर, डोळे बंद. पाच मिनिटांनी त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू असतानाच सेन्सरांच्या वायरींचे प्लग एकेक करून काढायला आणि परत लावायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी थांबून ऐकायच्या. एक काढला, इंजिन आणखी बिघडलं. दुसरा काढला, काहीच फरक नाही. मग हवेच्या सेन्सरचा काढला, आणि गाडी शहाण्या बाळासारखी शांत झाली.

"हा खोटं बोलतोय," ताई म्हणाल्या. "याचं ऐकून इंजिन फसतंय. याला गप्प केलं की स्वतःच्या अंदाजाने नीट चालतं."

एवढं साधं! हे पुस्तकात होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, त्याला पूर्ण मार्कही मिळाले होते.

त्यांनी सेन्सर बाहेर काढला, वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने काहीतरी हलकेच ओढलं. तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. हिरव्या रंगाचा, ब्रशचा एक तंतू. तारेवर आडवा अडकून बसला होता, भोवती रॉकेलची चिकट पुटं. मामा बाईंशी बोलत होते.

"तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते माझं मलाही ठरवता आलं नाही.

"मामांना मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

सेन्सर त्यांनी योग्य त्या फवाऱ्याने धुतला, सुकवला, बसवला. थरथर गेली. मग त्यांनी मला गाडीखाली पाठवलं, नवा ऑक्सिजन सेन्सर काढून जुना लावायला. तो चांगलाच होता, बाईंच्या बिलात उगाच नको. नक्की काय झालं होतं म्हणून मामांनी विचारलं, तेव्हा गाडीखालून मला एवढंच ऐकू आलं, "कचरा अडकला होता."

दुसऱ्या दिवशी मामांनी खोली ताईंना दिली. सगळ्यांसमोर. मी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याच टाळ्या मला सगळ्यात मोठ्याने ऐकू आल्या. ताई म्हणाल्या, "चारनंतर मी नसते, तेव्हा भाचेबुवा बसतील. स्कॅनर वाचायला मला तसेही तेच लागतील." म्हणजे मला खोली मिळाली. अर्धी, आणि ती त्यांच्या हातून. सगळी गेली असती तर निदान मनसोक्त जळता तरी आलं असतं.

आता दहा ते चार मी त्यांना स्कॅनरवरचे कोड वाचून दाखवतो आणि त्या सेन्सरचा प्लग काढून तो कोड खरा की खोटा ते ठरवतात. चारला त्या गेल्या की कधीकधी मी दार लावून घेतो आणि चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून पाहतो. हाताला गरम लागतं. बाकी काही कळत नाही.

याला दोन महिने झाले. मामा रोज खोलीत डोकावतात, ताईंचं कौतुक करतात, माझ्या पाठीवर थाप मारतात. ताई त्या ब्रशबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मामांना मी अजून सांगितलेलं नाही.