गाडीवरचा आळ

लालासाहेबांची गाडी झटके मारायला लागली ती ज्वारीच्या काढणीच्या सुमारास. सरळ रस्त्याला नीट चालायची आणि मधेच कुणी मागून धरून ओढल्यासारखी दबायची. मग आपोआप रेस चढून अशी उसळी घ्यायची की मागं बसलेल्या कॉलेजच्या पोरी एकमेकींवर आदळायच्या.

"काका, गाडीला उचकी लागली बघा! कुणीतरी आठवण काढतंय," क्रांती म्हणायची. ती त्या पोरींत सगळ्यांत बोलकी.

"तुझी सासू काढत असंल," लालासाहेब म्हणायचे, आणि गाडीभर हसू पसरायचं.

गाडी जुनी होती. डिझेलची, उंच चाकांची, दार जोरानं ओढल्याशिवाय न लागणारी. लालासाहेबांचे वडील मेंढरं घेऊन दर साली कोकणाकडं उतरायचे. मुलानं स्टेअरिंग धरलं तेव्हा ते म्हणाले होते, "मेंढरं सोडून पत्र्याच्या खोक्यात बसणार व्हय?" पण लालासाहेब तिथंच रमले. वाडीतून दहिवडीला माणसं नेण्या-आणण्यातच त्यांचा जन्म गेला. वाडीत एसटी येत नव्हती. फाट्यावर यायची, आणि फाटा लांब. वाडीतल्या पोरी दहावीच्या पुढं शिकल्या त्या आयांच्या एकाच बोलण्यावर: "लालासाहेबाची गाडी हाय न्हवं? मग जा."

ते बोलणं लालासाहेबांना ठाऊक होतं. म्हणून गाडीच्या झटक्यांनी त्यांची झोप उडाली. त्यातच एका सकाळी रस्त्यात मेंढरं आडवी आली. त्यांनी रेस सोडली, तर गाडी उलट उसळून पुढं गेली. ब्रेक लागला, पण एक कोकरू बंपरला घासून गेलं. मागं पोरी पहिल्यांदाच हसल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांनी गाडी नानासोच्या गॅरेजात नेऊन लावली. दहिवडीतला हा मिस्त्री त्यांचा लहानपणापासूनचा सोबती.

"म्हातारी झाली रं गाडी," नानासो बोनेट उघडत म्हणाला. "मालकागतच."

"मालकाला सोड. पोरी बसत्यात हिच्यात."

नानासोनं डिझेलचा फिल्टर बदलला. लाईनीत हवा शिरत असेल म्हणून पाईप नवे घातले. टाकी उतरवून धुतली. तरी लालासाहेब दुसऱ्या दिवशी परत आले. मग पंप काढून सांगलीला पाठवला, तो 'ठीक आहे' म्हणून परत आला. गंमत अशी की गॅरेजात उभी असताना गाडी एका सुरात चालायची. नानासो तिला एकटा फलटणच्या घाटापर्यंत फिरवून आला, तरी एक झटका नाही.

"तुला बघून सोंग करती ती," लालासाहेब म्हणाले. "मास्तर आल्यावर पोरं गप बसत्यात, तशी."

"मग तू चालीव. मी बसतो शेजारी."

निघाले. माळाला लागताच गाडी दबली, उसळली, परत दबली. नानासो कान लावून ऐकत होता. मग त्याची नजर खाली गेली आणि तिथंच राहिली. 

"लाला, रेसवरनं पाय काढ."

"बंद पडंल की."

"काढ तर."

डॅशबोर्डाखाली एक मूठ होती. ती ओढून ठेवली की पाय न लावता रेस धरली जायची. नानासोनं ती ओढली. इंजिन एका सुरात वाजायला लागलं. स्टेअरिंग लालासाहेबांच्याच हातात होतं, रस्ता तोच होता, आणि गाडी पाण्यावरून जावी तशी चालली होती.

"गेलं!" लालासाहेब हरखून ओरडले. "काय केलंस गड्या? कशात व्हतं?"

नानासो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा चेहरा दिसेना, तेव्हा लालासाहेबांनी खाली पाहिलं. रेसवरून काढलेला उजवा पाय पत्र्यावर होता आणि चप्पल एकसारखी तडतडत होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली. गुडघा हातानं दाबून धरला. पाय हाताखालीही थरथरत राहिला. हातही.

"साताऱ्याला दाक्तरला दाखवू," नानासो हळूच म्हणाला. "नसंचं असंल काय तर."

"गाडीचं म्हण रं, नाना."

"लाला..."

"काय तरी गाडीचं म्हण. पंप परत उघड."

"उघडला असता रं," नानासो म्हणाला. "धा येळा उघडला असता."

घरापर्यंत गाडी नानासोनं आणली. आपल्याच गाडीत लालासाहेब डाव्या बाजूला बसले होते आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. तानुबाई दारात उभ्या होत्या. नवरा कुठल्या बाजूनं उतरला ते त्यांनी पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

कप हातात आला तेव्हा लालासाहेबांना प्रथमच दिसलं. कप अर्धाच भरलेला होता.

"अर्धा कप कवापास्नं देतीस?"

"लय दिस झालं. सांडत हुता."

"बोलली न्हाईस."

"आवं, बोलून काय करू? गाडी काढून घिऊ तुमच्याकडनं?" तानुबाईंनी पदर तोंडाला लावला.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. गाडी चालवायला वाडीत दुसरं कुणी नव्हतं. तरणी माणसं सगळी मुंबईला.

सोमवारी सकाळी लालासाहेब चालत थांब्यावर गेले. पोरी गाडीची वाट बघत उभ्या होत्या.

"काका, गाडी?"

खरं काय ते सांगायचं ठरवून आले होते. पण पोरी बघत होत्या, आणि त्यांनी हात खिशात घातले.

"बिघडली. आता न्हाई नीट व्हायची."

"नानाकाकांना बी न्हाई जमलं?" क्रांतीनं विचारलं.

"न्हाई जमलं."

"मोडीत घाला मग तिला. लय धक्कं खाल्लं आमी," एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या.

एवढी वर्षं राबलेल्या गाडीवर आपण आळ घेतला हे लालासाहेबांना खुपलं.  पोरींनी दप्तरं खांद्याला लावली आणि फाट्याकडं चालायला लागल्या. तेही मागून निघाले. त्यांच्याच भरवशावर आयांनी पोरी धाडल्या होत्या. पाय ओढत होता, अंतर वाढत होतं. क्रांती थांबून मागं वळली.

"काका, तुमी कशाला येताय? जावा घरी."

"व्हा पुढं. मी हाय मागं."

पोरी माळाच्या वळणाआड गेल्या. बोलणं ऐकू येत होतं, मग तेही येईना. ते फाट्यावर पोचले तेव्हा एसटी पोरींना घेऊन निघून गेली होती.