आज नातीनं माझी चेष्टा केली

बायांनो, आज सकाळी माझ्या नातीनं माझी चेष्टा केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

टीव्हीवर तेलुगू बातम्या चालू होत्या, बंगालच्या उपसागरात डिप्रेशन आलंय, पाऊस येणार म्हणून. ती चाय पीत म्हणाली, "आजी, तुझं डिप्रेशन आलं बघ. दोन दिवसांत जातंय का विचार."

त्याचं असं, की विद्यानगरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला डिप्रेशन आहे असं सांगितलं, तेव्हा मला तो शब्द बातम्यांतलाच माहीत. मी तिसरी शिकलेली. मलकपेठच्या बहिणीला फोनवर म्हटलं, "काही नाही गं, पाऊस पडला की दोन दिवसांत सरकतंय." पोरगी ऐकत होती, पण हसली नाही. तेव्हा कॉलेज सोडून नुसती भिंतीकडं तोंड करून पडायची.

गोळ्या अजून चालू आहेत. काही दिवस वाईट जातात. पण आज मी म्हटलं, "म्हातारीला हसतीस?" तर "हौ" म्हणाली. मी इतकी खूश झाले की तिला परत तेच बोलायला लावलं.

एक खरं सांगते. डॉक्टरकडं न्यायच्या आधी तीन महिने आम्ही तिला आळशी म्हणत होतो. तुमच्या घरी कुणाला म्हणताय का?