दहाव्याला गायलेलं 'नीली जीप'चं गाणं

ईशा, अर्णव, आणि या पानावर वाचणारे बाकीचे सगळे —

आत्मा, भूत, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. बालाघाटच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात कोणी चेटकिणीची गोष्ट काढली, की "एव्हिडन्स काय?" असं विचारून मी त्याला खाली बसवायची. ईशा म्हणाली, इथे लोक असे अनुभव लिहितात, तूही लिही. लिहिते, कारण तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाय, त्यावर हसलाही आहात. पण तुम्ही हसलात ती जागा लाजेची नाही. लाजेची जागा त्याच्या आधी आहे.

कुसुमआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माहेर लामत्याचं, शिक्षण सातवीपर्यंत. भाऊजी लवकर गेले, मागे एकच मुलगी, वैशाली. आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, टीव्ही मात्र माझ्याकडे. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची — 'नीली जीप'. लांब केसांची चार मुलं, गिटार, ड्रम आणि खटारा निळी जीप. मोठ्या शहरातल्या स्पर्धेला निघालेला रॉक बँड. मला तो निव्वळ गोंगाट वाटे. मी वह्या तपासत बसायची. कुसुम मात्र सुपात तांदूळ निवडत एकटक बघायची. टायटलचं गाणं लागलं की सुपाच्या कडेवर बोटांनी ठेका धरायची. तीन ठोके बरोबर, चौथा नेहमी उशिरा.

"चल पड़ी रे नीली जीप, धूल उड़ाती,
कोई पूछे कहाँ, तो हँसती जाती..."

गाणं एवढंच. पुढे नुसती गिटार.

मालिका थोडेच भाग चालली. शेवटच्या भागात स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी जीप घाटात बंद पडली, चौघं धक्का मारताहेत... आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम! ना खुलासा, ना शेवट.

आम्ही सगळे विसरलो. कुसुम विसरली नाही. पापड लाटताना, लग्नाच्या मांडवात, कुठेही मधेच —

"बाई, त्या पोट्ट्याईचं काय झालं असन वो?"

"कुसुम, ती खरी मुलं नव्हती."

"हौ, माहीत हाये मले. पन घाटातच सोडून देल्लं ना त्याईले."

या हिवाळ्यात ती दवाखान्यात होती. मी मोसंबी सोलत होते. तिने पुन्हा तेच विचारलं, "बाई, पोचले असतीन का वो ते?" मी वैतागून म्हटलं, "कार्यक्रम बंद पडला, गोष्ट संपली. आता पुरे." तिने भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर आमचं असं बोलणं झालंच नाही.

ती गेली तेव्हा अंत्यविधी वैशालीनेच करावेत, असा हट्ट मी धरला होता. वारासिवनीचे मामा, म्हणजे कुसुमचा भाऊ, नाराज होते, पण माझ्यापुढे बोलले नाहीत. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर वैशालीने चिन्नोरच्या, आमच्याकडच्या वासाच्या तांदळाच्या, भाताचे पिंड मांडले. मामी तुम्हा परदेशातल्यांसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या.

कावळा आला, समोरच्या बाभळीवर बसला. खाली उतरेना.

वैशाली हात जोडून म्हणाली, "आई, घर इकनार नाही." कावळा हलला नाही. "तुह्या तुळशीले रोज पानी घालीन." नाही. मामा पुढे झाले, "कुसुम, म्या दारू सोडतो!" कावळ्याने तोंडच फिरवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याले बी भरोसा नाही तुमचा!" लोक हसले. मग मामा चिडले.

"म्या पयलेच म्हनलं होतं. पोरीच्या हातचा पिंड हाये, कावळा कायले शिवते?"

वैशालीने खाली मान घातली. ऊन चढलं होतं. तिने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. आणि मी मागे खुर्चीवर बसले होते. पहिल्यापासून मनात एकच गोष्ट येत होती, दवाखान्यातलं ते विचारणं. पण चारचौघांत, घाटावर, मी — रिटायर्ड टीचर — टीव्हीवरच्या जीपबद्दल बोलू? तेही कावळ्याशी? माझेच विद्यार्थी तिथे उभे होते.

महाराज म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू, चालतं." ते दर्भ वळू लागले. वैशाली रडत म्हणाली, "म्हंजे माह्या हातचं आईनं घेतलंच नाही ना?"

तेव्हा मी उठले. पिंडांजवळ बसले, कोणाकडे न बघता म्हटलं, "कुसुम, ते पोचले गं." आणि त्या दोन ओळी म्हटल्या. आवाज फाटका, सूर नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. दोन ओळी झाल्या, दम लागला, मी थांबले... मला तरी एवढंच आठवतं. कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, घास घेऊन उडाला.

इथपर्यंत मी त्याला योगायोग म्हटलं असतं. भुकेला पक्षी, समोर भात.

घरी आल्यावर मामींनी व्हिडिओ दाखवला. त्यात मी दोन ओळींवर थांबतच नाही. गाते —

"आ पहुँची रे नीली जीप, शाम ढले,
चारों उतरे, हँसते-हँसते, लगे गले..."

आणि माझा उजवा हात पितळी परातीच्या कडेवर ठेका धरतोय. तीन बरोबर, चौथा उशिरा.

वैशालीने विचारलं, "मोठी आई, हे कडवं कुठून आनलं तुमी? आई त दोनच ओळी म्हने."

आयुष्यभर कविता शिकवल्या, एक ओळ कधी रचली नाही. अर्णव, तूही इंटरनेट पालथं घातलंस. 'अशी मालिका कोणाला आठवते का?' असा कोणाचा तरी अनुत्तरित प्रश्न तेवढा सापडला. डॉक्टर म्हणाले, ताणाने होतं असं. होत असेल. ताणाने कडवी येतात का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. एव्हिडन्स हातात आहे, उलगडा नाही.

तो व्हिडिओ डिलीट करा म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं. करू नका. पण पुढच्या वेळी गाण्यापासून नको, सुरुवातीपासून बघा. मामा बोलताहेत, वैशाली मान खाली घालून उभी आहे, आणि मागे खुर्चीवर तुमची आजी गप्प बसून पदराच्या निऱ्या नीट करते आहे.