नव्या कार्डावरच्या टोप्या

हे मी आजवर कुणाजवळही बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना हसू येतंय, ही पहिली लाज.

आमचे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. निवृत्त झाल्यावर त्यांना नाद कसला लागावा? कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा! दुपार झाली की बाबा इथे नागपुरात आणि त्यांचे जुने जोडीदार नामदेवकाका तिकडे भिवापुरात, दोघं इंटरनेटवर गाड्या पळवायचे. बाबा जिंकले की घरभर शिट्टी.

त्यांच्या वाढदिवसाला मी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. चित्र सफाईदार दिसावं, गाडी झरझर धावावी, एवढंच मनात. बसवून देतो म्हणाला दुकानदार — मी ऐटीत नको म्हटलं. घरातला कॉम्प्युटरवाला मीच ना! जुनं काढलं, नवं बसवलं, आईने हातावर पेढा ठेवला.

आणि बाबा हरायला लागले. रोज. गाडी वळणावर अडखळायची, भिंतीवर जायची. कार्ड नवंकोरं, तेही मुलाने बसवलेलं — त्यात खोट कशी असेल? "माहे हात गेले काय रे?" त्यांनी मला विचारलं. अगदी साधं विचारलं. आणि मी? कॉम्प्युटरकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणालो, "वय होऊन राहिलं बाबा. मनाले नका लावून घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली, आता चालवणं नको म्हणाले. धंतोलीच्या डॉक्टरांना काहीच सापडलं नाही, त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. झेंडू वाहण्याआधी पुसायला म्हणून कॉम्प्युटर पुढे ओढला, मागची बाजू पाहिली. नव्या कार्डाच्या सॉकेटांवर प्लास्टिकच्या टोप्या जशाच्या तशा! स्क्रीनची केबल मी वर, कॉम्प्युटरच्या मूळच्या सॉकेटात खोचली होती. कार्ड आत नुसतं बसून, आणि बाबा पूर्वीपेक्षाही मंद चित्रावर शर्यत खेळत होते.

तेव्हा सांगता आलं नसतं? बाबा मागेच तर उभे होते, फुलांचं ताट घेऊन. मी अंगाआड केबल नव्या कार्डात खोचली, तिथली टोपी खिशात टाकली आणि म्हणालो, एकदा खेळून तर पाहा.

जिंकले! "पाह्य वं, गोळ्या लागून राहिल्या मले!" ते आईला ओरडून सांगत होते. आणि मी — हो, गोळ्याच, म्हणालो. नामदेवकाका हरून हरून आता त्याच गोळ्या घेतात.

किल्ली बाबांनी त्याच संध्याकाळी परत मागितली. आता सकाळी आईला मागे बसवून तर्री-पोहे खायला जातात. शिट्टी पुन्हा घरभर आहे, आणि ती ऐकून मला फार, फार आनंद होतो.

पण त्यांचे हात कुठेही गेले नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं, आणि गेले असं मी सांगितलं होतं. ते मी अजून परत घेतलेलं नाही.