हातांची झडती

आमचे शेजारचे काका नांदुऱ्याच्या एका जिनिंगच्या फाटकावर झडती घ्यायचे. कापसाजवळ आगपेटी जाऊ नये म्हणून प्रत्येकाचा खिसा चाचपायचे. नोकरी संपली, पण सवय सुटली नाही. त्यांच्या अंगणात पाय ठेवला की माझाही खिसा चाचपत, "आगपेटी तं नाही ना, सर?"

आणि याच माणसाकडे मी हाताने आग पाडायला शिकत होतो! लाकडाच्या खाचेत तुरीची वाळकी काडी उभी धरायची आणि दोन्ही तळव्यांत घुसळायची. मी पहिल्यापासूनच जोर लावायचो आणि काडी मोडायची.

"काऊन घाई करता? लाकूड तपू द्या ना आधी."

त्यांचे हात आता थरथरतात, त्यांना स्वतःला घुसळणं जमत नाही. माझ्या फोडांना खोबरेल मात्र तेच लावत.

महिनाभराने एकदाचा खाचेत घासून साचलेल्या काळ्या भुकटीत निखारा धरला. कापसात घेऊन फुंकला आणि जाळ झाला. काका पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होते, पण जाळ आपोआप विझेपर्यंत त्यांनी थेंबही टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा खिसा चाचपला नाही. थरथरत्या बोटांनी माझे दोन्ही तळवे उघडले आणि म्हणाले, "आता झडती या हाताइची घ्या लागते, सर."